बेळगावात घरामागं स्विमिंग पूल बांधायचाय? परवानगीचं आधी बघून घ्या

आधीच सांगून टाकतो, घरगुती स्विमिंग पूलचं परमिट म्हणून वेगळा कागद आपल्यात मिळत नाही. घराच्या बांधकामाचा जो परवाना असतोय त्याच नकाशात पूल दाखवायचा, नकाशा पास झाला की पूल पास झाला. सुभाषनगरला महापालिकेत जाऊन काउंटरवर "पूलचा फॉर्म द्या" म्हटलात तर समोरचा माणूस तुमच्याकडं बघतच राहील. यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून लोक विचारतात, तिकडं पूलचं परमिट वेगळं, कुंपणाचं इन्स्पेक्शन वेगळं, वायरिंगचं वेगळं. इकडं सगळं एकाच फाईलीत जातंय, आणि म्हणूनच ती फाईल साफ पाहिजे. पूलमुळं फाईल अडली असं फार कमी वेळा होतंय ओ, अडते ती खात्यावर (म्हणजे जागेच्या सरकारी नोंदीवर) नाहीतर जुन्या घराच्या वाढीव बांधकामावर.

पहिलं काम म्हणजे तुमची जागा कुणाच्या हद्दीत येते ते बघा. हे सोपं वाटतंय पण बेळगावात सोपं नाही. टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ, हिंदवाडी हे महापालिकेत, तिथं परवाना मनपाचं टाऊन प्लॅनिंग खातं देतंय. कॅम्पात बंगला असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्ड, तिथं २००६ चा कॅन्टोन्मेंट कायदा लागतोय. कॅम्पातले जे जुने ओल्ड ग्रांटचे बंगले आहेत त्यांची जमीनच सरकारची, तुमचं फक्त वरचं बांधकाम, तिथं अंगणात खड्डा मारायचा विचार बोर्डाला विचारल्याशिवाय मनातसुद्धा आणू नका. मच्छे, पिरनवाडीला पट्टण (नगर) पंचायत आहे. हिंडलगा, कंग्राळी, बेनकनहळ्ळी इकडं ग्राम पंचायत, म्हणजे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आणि पंचायत राज कायद्याचं बांधकाम परवान्याचं ६४ वं कलम. पण पंचायतीची हद्द असली तरी लेआउट बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) प्लॅनिंग एरियात असू शकतोय, तेव्हा लेआउट बुडानं मंजूर केलेला आहे का ते आधी बघायचं. पंचायतीनं सही दिली म्हणून पूल खोदला आणि नंतर कळलं की लेआउटच मंजूर नाही, असली प्रकरणं शहराच्या कडेकडेला ढीगभर आहेत.

आता खातं. महापालिकेत ई-आस्थीचा (मालमत्तेच्या ऑनलाईन नोंदीचा) उतारा लागतोय, त्यात ए खाता की बी खाता हे बघा. लेआउट मंजूर, एनए (बिगरशेती) ऑर्डर आहे, खरेदीपत्र रजिस्टर आहे, तर ए, नाहीतर बी. बी खात्यावर तुम्ही घरपट्टी भरता म्हणून बांधकामाचा परवाना मिळेल असं धरून चालू नका, घरपट्टीची पावती म्हणजे मालकी पण नव्हे आणि परवाना पण नव्हे. आणि शंभर रुपयाच्या बाँडवर घेतलेला गुंठा, दोन गुंठे असेल तर पूलचं सोडाच, आधी त्या जागेचंच बघा. पंचायतीत असाल तर ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाईन नोंदीचा, फॉर्म ९ आणि ११ लागतोय, ११ मध्ये पण ए आणि बी आहे, बी वाल्यांची गोष्ट वरच्यासारखीच. सोबत सब रजिस्ट्रारकडची ईसी (जागेवर बोजा आहे का ते दाखवणारा दाखला) काढायची, ती कावेरी पोर्टलवरनं ऑनलाईन मिळते. शहरातल्या जुन्या भागात सीटीएस नंबर आहे तिथं सिटी सर्वेचा प्रॉपर्टी कार्ड पण ठेवा, मुंबई इलाख्यापासूनची पद्धत आहे ती, बेंगळुरूकडच्या माणसाला हे सीटीएस म्हणजे काय हे समजावून सांगायला लागतंय पण इथल्या ऑफिसात सगळ्यांना माहीत असतंय.

नावाचं एक मोठं लफडं असतंय. खरेदीपत्र जुनं असेल तर मराठीत नाहीतर इंग्रजीत, ई-आस्थीत नाव कन्नडात, आधारला अजून तिसरंच स्पेलिंग. चव्हाणाचं चवाण झालेलं असतंय, वडिलांचं नाव गाळून आडनाव पुढं आलेलं असतंय, वारसाची नोंद राहिलेली असती आणि उताऱ्यावर अजून आजोबाच असतात. हे सगळं नकाशा टाकायच्या आधी सरळ करून घ्या, कारण नकाशा ऑनलाईन गेला की सिस्टीम पीआयडी (मालमत्तेच्या ओळख) नंबरवरनं मालकाचं नाव उचलतीय आणि अर्जातलं नाव जुळलं नाही की फाईल परत. कन्नड वाचता येणारं घरात कोण नसेल तर ओळखीचा कॉलेजातला पोरगा पकडा आणि उताऱ्यातला एकेक रकाना वाचून घ्या. एजंटवर सोडू नका, चूक त्याच्या नजरेत आली तरी तो बोलत नाही, दुरुस्तीचे वेगळे पैसे लागतात ना.

मग इंजिनियर. मनपाकडं नोंदणी असलेला इंजिनियर नाहीतर आर्किटेक्ट पाहिजे, नकाशा त्याच्याच लॉगिनमधनं अपलोड होतोय, तुम्ही स्वतः नाही करू शकत. त्याच्याकडनं नकाशात काय काय काढून घ्यायचं ते सांगतो, कारण बरेच इंजिनियर साईट प्लॅनवर एक निळा चौकोन काढून 'स्विमिंग पूल' लिहितात आणि सोडून देतात. चारही कंपाऊंडपासून पूलच्या बाहेरच्या भिंतीपर्यंतचं अंतर फुटात, किंवा मीटरमध्ये, लिहिलेलं पाहिजे. आतल्या नाही, बाहेरच्या भिंतीपर्यंत, आरसीसी भिंत आठ नऊ इंचाची असतीय आणि तिथंच सेटबॅकचा, म्हणजे कंपाऊंडपासून मोकळ्या सोडायच्या जागेचा, हिशोब चुकतोय. खोलीचा उभा छेद पाहिजे, उथळ बाजू किती, खोल बाजू किती. घरचा पूल चार साडेचार फुटाच्या वर नेऊ नका, सूर मारायची हौस असेल तर गोवावेसचा महापालिकेचा तलाव आहे. पंप आणि फिल्टरची खोली कुठं, ती जमिनीखाली की वर, वर स्लॅब टाकणार असाल तर ते पण बांधकामात धरलं जातंय म्हणून क्षेत्रफळात दाखवायचं. सेप्टिक टँक असेल तर ती, विहीर असेल तर ती, बोअर, पाण्याची टाकी, पागोळ्यांचं पाणी मुरवायचा खड्डा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूल रिकामा करताना पाणी कुठल्या लाईनीला जाणार ती लाईन. सेटबॅकच्या मोकळ्या जागेत पूल बसवायचाच नाही असं धरून नकाशा काढा. मागच्या बाजूला चार फूट जागा आहे आणि तिथं लांबट पूल मारू म्हणणारे खूप भेटतात, नका मारू.

नवीन घर असेल तर हे सगळं घराच्या नकाशातच जातंय, वेगळा खर्च पण फारसा नाही. कधीतरी पूल करायचं मनात असेल तर आत्ताच नकाशात दाखवून ठेवा, बांधा नाहीतर बांधू नका, पण परवान्यावर मुदत असतीय ती वाचून घ्या.

घर आधीच उभं आहे आणि आता मागं पूल पाहिजे, तर सुधारित नकाशा टाकायला लागतोय, आणि इथं जरा थांबून विचार करा. तुम्ही पूलसाठी अर्ज टाकता, पण स्पॉटला येणारा जेई (ज्युनियर इंजिनियर) फक्त मागचं अंगण बघून जात नाही. तो मंजूर नकाशा हातात घेऊन पुढच्या गेटपासनं येतोय. पोर्चवर मारलेली जास्तीची खोली, जिन्याखालचं टॉयलेट, गच्चीवरचं पत्र्याचं शेड, साईडच्या सेटबॅकमधलं स्वयंपाकघराचं वाढीव, सगळं एका फेरीत त्याच्या वहीत येतंय. बेळगावात मंजूर नकाशाप्रमाणं अगदी इंच न इंच बांधलेली घरं किती असतील हे तुम्हाला पण माहीत आहे आणि त्याला पण. म्हणून अर्ज टाकायच्या आधी आपल्याच इंजिनियरला टेप घेऊन घर मोजायला लावा आणि जुन्या मंजूर नकाशाशी ताडून बघा. फरक असेल तर काय रेग्युलर होतंय आणि काय पाडायला लागतंय हे त्याच्याकडनं लेखी काढून घ्या. फरक मोठा असेल तर माझं मत सरळ आहे, पूलचा नाद सोडा, नाहीतर पूलपायी घराची नोटीस ओढवून घ्याल.

स्ट्रक्चरल इंजिनियरचं सर्टिफिकेट पण जोडायचं. पूल म्हणजे पाण्याची टाकीच, त्यामुळं डिझाईन पाण्याच्या टाक्यांच्या आयएस ३३७० या भारतीय मानकानुसार पाहिजे, नुसतं घराच्या आरसीसीचं आयएस ४५६ लावून चालत नाही. इंजिनियरला ३३७० म्हटल्यावर तो दचकला तर दुसरा इंजिनियर बघा. आणि मातीचं बघा. शहरातच दोन तऱ्हा आहेत, वडगाव, शहापूर, अनगोळच्या शिवाराकडं काळी माती, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून आकसते, तिथं पूलच्या तळाखालची काळी माती काढून मुरूम भरून दाबून घ्यायला लागतोय. पश्चिमेला हिंडलग्याच्या पुढं तांबडी माती नि जांभा, तिथं काम सोपं. बळ्ळारी नाल्याच्या नाहीतर लेंडी नाल्याच्या आसपास असाल तर अजून एक भानगड, पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतंय आणि त्यावेळी पूल रिकामा असला तर खालचं पाणी पूलला होडीसारखं वर उचलतंय. खोटं नाही, तळाला तडे जाऊन पूल वर आलेले असतात. त्यासाठी तळात हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खालच्या पाण्याचा दाब सोडणारा) बसवतात आणि जून ते सप्टेंबर पूल कधी रिकामा ठेवायचा नाही. नाल्यापासून किती अंतर सोडायचं हे झोनिंगमध्ये असतंय, नकाशावर नाला दाखवायला विसरलं असं म्हणून चालत नाही, सर्वे नकाशावर तो असतोयच.

गच्चीवर पूल पाहिजे म्हणणाऱ्यांसाठी नुसता हिशोब सांगतो. चार फूट खोल पाण्याचं वजन एका चौरस मीटरवर १२०० किलोच्या वर जातंय. घराच्या खोलीचा स्लॅब साधारण २०० किलोच्या वापराच्या वजनासाठी डिझाईन केलेला असतोय, गच्चीचा त्याहून कमी. जुन्या घराच्या गच्चीवर फायबरचा रेडीमेड टब आणून ठेवला आणि परवानगी कशाला पाहिजे म्हणणारे पण आहेत. त्यांनी निदान खालच्या मजल्यावर कोण झोपतंय ते बघावं.

कागद सगळे झाले की अर्ज टाका, चलन भरा, आणि सकाळाचा नंबर घ्यायला विसरू नका. कर्नाटकात २०११ चा सकाळा कायदा आहे, बांधकाम परवान्यासकट बऱ्याच सेवा ठरलेल्या दिवसात द्यायच्या असतात, उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० पर्यंत भरपाई मागता येती. २० रुपये कुणाला पाहिजेत ओ, पण त्या नंबरामुळं फाईल कुणाच्या टेबलावर किती दिवस पडली हे कळतंय आणि नंबर असलेली फाईल जरा लवकर हलते. आक्षेप काढून परत आली तर आक्षेप लेखी घ्या, तोंडी "ते जरा करून आणा" याच्यावर परत येऊ नका. फी मध्ये अजून एक असतंय, घर आणि पूल मिळून बांधकामाचा खर्च ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला तर कामगार कल्याणाचा सेस लागतोय, ही मर्यादा २०२५ पर्यंत १० लाख होती, आताची विचारून घ्या. नुसतं घर मर्यादेच्या जरा खाली दाखवलेलं असेल तर पूल धरल्यावर आकडा वर जातोय, ते आधीच धरून ठेवा.

परवाना हातात आला की मगच जेसीबी बोलवा, आणि कृपा करून मे महिन्याच्या शेवटी नका बोलवू. आमच्याकडं एकानं वळवाचा पाऊस झाल्यावर खड्डा मारला, जूनमध्ये एका रात्रीत शेजाऱ्याचं कंपाऊंड मातीसकट खड्ड्यात आलं आणि पुढचे चार महिने कामही बंद आणि बोलणंही बंद. दिवाळी झाली की खोदायला घ्या, मार्चपर्यंत काँक्रीट, टाईल्स सगळं होतंय. अर्धवट खड्ड्यात पाणी साचलं तर दुसरा ताप म्हणजे डास. २०२४ च्या सप्टेंबरात कर्नाटक सरकारनं डेंग्यूला साथीचा रोग म्हणून जाहीर केलंय, घरात डासाच्या अळ्या सापडल्या तर शहरात ४०० रुपये दंड, पण बांधकामाच्या जागेवर आणि रिकाम्या प्लॉटवर २००० रुपये. पूलचा खड्डा म्हणजे बांधकामाचीच जागा.

पाण्याचं आता. २४ फूट लांब, १२ फूट रुंद, सरासरी ४ फूट खोल असा पूल म्हणजे ११५२ घनफूट, त्यात साधारण ३२ हजार ६०० लिटर पाणी बसतंय. पाच हजार लिटरचे सहा सात टँकर. हे पाणी नळाच्या लाईनीनं भरायचा विचार करू नका. शहराला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतंय, आणि मे महिन्यात राकसकोपची पातळी किती फूट राहिली हे रोज पेपरात वाचणारं गाव आहे हे, शेजाऱ्याच्या नळाला पाणी नाही आणि तुमचा पूल भरूलाय म्हटल्यावर तक्रार जायला किती वेळ. बेंगळुरूत मार्च २०२४ मध्ये पिण्याचं पाणी पूलमध्ये वापरलं तर ५००० रुपये दंड लावला होता, उद्या इकडं टंचाई पडली तर असला आदेश यायला वेळ लागत नाही. बेळगावचं नशीब म्हणजे जुन्या विहिरी, घराच्या परड्यात विहीर असेल तर गाळ काढून तीच वापरा. नवीन बोअर मारणार असाल तर सुप्रीम कोर्टाचा २०१० चा नियम आहे, रिग यायच्या १५ दिवस आधी लेखी कळवायचं, आणि बोअर कोरडं गेलं तर वरपर्यंत बुजवायचं, नुसती गोणी टाकून झाकायचं नाही. एकदा भरलेला पूल फिल्टर चालू ठेवला तर वर्षानुवर्षं चालतोय, फक्त उडून जाणारं पाणी भरत राहायचं.

विजेचं गणित लोक विसरतात. १ एचपीचा पंप दिवसाला ८ तास चालवला तर सहा युनिट, महिन्याला १८० च्या आसपास. सरकारच्या फुकट विजेच्या गृहज्योती योजनेत तुमचं घर बसत असेल तर २०० युनिटच्या वर गेलं की त्या महिन्याचं सगळंच बिल भरायला लागतंय, म्हणजे पूल झाला की फुकट वीज गेली असंच समजा. हेस्कॉमकडं (वीज कंपनीकडं) लोड वाढवून घ्या, पंपाला वेगळा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपचा बसवा, पूलमधल्या लाईटी १२ व्होल्टच्याच. इलेक्ट्रिशियन "काय होत नाही ओ" म्हणाला तरी ऐकू नका, ओल्या अंगाला करंट लागला तर सुटत नाही.

टाईल्स बसवायच्या आधी पाणी भरून बघायची टेस्ट करा, तेवढी तरी घाई करू नका. पूल हळूहळू भरा, सात दिवस तसाच ठेवा म्हणजे काँक्रीट प्यायचं ते पाणी पिऊन घेतंय. मग पायरीवर एक बादली ठेवायची, बादलीत पण पाणी भरायचं, आतली आणि पूलची पातळी सारखी करून दोन्हीकडं खडूनं रेघ मारायची. पुढं सात दिवस रोज एकाच वेळेला बघायचं. उन्हानं दोन्हीतलं पाणी सारखंच उतरतंय, पण पूलची रेघ बादलीपेक्षा जास्त खाली गेली की समजायचं गळती आहे. ठेकेदार म्हणेल उडून गेलं पाणी, त्याला बादली दाखवा. फोटो काढून ठेवा, शेवटच्या हप्त्याच्या वेळी कामाला येतंय.

तळाला पाणी ओढायची दोन भोकं ठेवायला लावा, एकच नको, आणि त्यावर फुगीर जाळी. एकाच भोकाला सगळा जोर लागला तर पोरींचे केस ओढले जातात. भोवतीनं चार फूट कुंपण आणि आपणहून बंद होणारं गेट. कोण तपासायला येणार नाही म्हणून हे सोडतात, शेजारचं तीन वर्षाचं पोरगं बॉलमागं येतंय तेव्हा कोण तपासत नसतंय.

पूलचं पाणी रस्त्यावरच्या गटारीत सोडून द्यायचं नाही, नाल्यात तर नाहीच. वडगावच्या शिवारात बासमती आणि भाजी पिकते, क्लोरीनचं पाणी बांधावरनं आत गेलं तर शेतकरी दारात येणार आणि त्याचं बरोबरच आहे. क्लोरीन टाकणं चार पाच दिवस बंद करा, ऊन लागू द्या, मग झाडांना थोडं थोडं सोडा. फिल्टर उलटा धुतलेलं पाणी मात्र ड्रेनेजच्या लाईनीला.

काम पूर्ण झालं की कम्प्लिशनचा अर्ज टाकून ओसी (वापराचा दाखला) घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की ओसी बघूनच वीज पाण्याची कनेक्शनं द्यायची, त्यामुळं नवीन घराला ओसी शिवाय गाडी पुढं जाणं अवघड होऊलंय. घरपट्टीच्या सेल्फ असेसमेंटमध्ये वाढलेलं बांधकाम स्वतःहून दाखवा, एप्रिलमध्ये भरलं तर ५ टक्के सूट पण आहे.

जांबोटी, कणकुंबीकडं नाहीतर खानापूर रोडला शेतात फार्महाऊस बांधून पूल मारणाऱ्यांचं वेगळं. शेतजमिनीत एनए न करता शेतघर बांधता येतंय, जमिनीच्या १० टक्क्याच्या आत, पण ते शेतीच्या कामासाठी. त्यात निळ्या टाईल्सचा पूल शेतीच्या कामाचा आहे असं तहसीलदारांना पटवणं अवघड. सरकारच्या कृषी भाग्य योजनेतलं शेततळं मंजूर करून घेऊन त्याला पायऱ्या आणि टाईल्स मारायच्या, असली आयडिया कोण देत असेल तर ऐकू नका, अनुदान परत भरायला लागेल आणि वर केस. भीमगड अभयारण्याच्या बाजूला असाल तर वनखात्याला आधी विचारा. आणि शनिवार रविवारी गोव्याकडनं येणाऱ्यांना तास दोन तासाला पैसे घेऊन पूल द्यायचा बेत असेल तर तो घरगुती राहत नाही, ट्रेड लायसन्स, कमर्शियल मीटर, जीवरक्षक, पाण्याची नियमित तपासणी हे सगळं मागं लागतंय, त्यामुळं ते ठरवायचं असेल तर नकाशा काढायच्या आधीच इंजिनियरला तसं सांगा.